चाळीस माणसांचं कलम आणि सहा घंटा : चेन्नईच्या आर्मेनियन चर्चचं प्रकरण

२२ जून १६८८ रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खोजा फानूस कलांतर या आर्मेनियन व्यापाऱ्याशी एक करार केला. आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल तुर्कस्तानातून खुष्कीच्या वाटेने युरोपात जात असे, तो आपल्या जहाजांतून जावा हा कंपनीचा डाव. बदल्यात ज्या सवलती दिल्या, त्यांतलं एक कलम मोठं मजेशीर आहे. कंपनीच्या कुठल्याही ठाण्यात चाळीस किंवा त्याहून जास्त आर्मेनियन राहायला आले, की त्यांना चर्चसाठी जागा द्यायची. कंपनीने स्वखर्चाने लाकडी चर्च बांधून द्यायचं, पुढे त्यांनी हवं तर ते दगडाचं करावं. शिवाय पुरोहिताच्या पोटापाण्यासाठी सात वर्षं सालीना पन्नास पौंड.

व्यापारी माणसाने लिहिलेलं कलम आहे, लगेच कळतं. भक्तीचाही आकडा ठरवून टाकलेला. पण चाळीसच्या वर गेल्यावर काय, एवढंच त्यात आहे. माणसं पुन्हा चाळीसच्या खाली आली तर त्या चर्चचं काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही. लिहिणार तरी कशाला? १६८८ साली सगळ्यांचे डोळे येणाऱ्या जहाजांकडे होते.

चेन्नईतलं आर्मेनियन चर्च हे त्या न लिहिलेल्या कलमाचं प्रकरण आहे. दर रविवारी उपासनेला बसावं एवढा आर्मेनियन समाज आज त्या शहरात उरलेला नाही. चर्च मात्र आहे, धुतल्यासारखं स्वच्छ. समाज गेल्यावर त्याच्या वास्तूंचं काय होतं, याचा माग काढायला मद्रास बरं पडतं, कारण आर्मेनियन लोकांनी तिथे बरंच काही बांधलं आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं नशीब वेगळं निघालं.

जागा

पॅरिज कॉर्नरला उतरून जॉर्ज टाउनच्या आत शिरलं की हातगाड्या, हमाल, घाऊक मालाची दुकानं, कायमचे खोळंबलेले टेंपो, असा सगळा पसारा. आपल्याकडची मशीद बंदर-मांडवी डोळ्यांपुढे आणा. यातल्याच एका रस्त्याचं नाव आर्मेनियन स्ट्रीट. तमिळमध्ये त्याला ‘अरण्मनैकारन तेरू’ असंही म्हणतात. अरण्मनै म्हणजे राजवाडा. ‘आर्मेनियन’ हा शब्द तमिळ जिभेवर घोळत घोळत राजवाड्यात जाऊन पोहोचला, असं सांगतात. पाहुण्यांना इतकी बढती सहसा मिळत नाही.

गंमत अशी, की आर्मेनियन स्ट्रीटवरचं चर्च म्हटलं की बऱ्याच लोकांच्या मनात दुसरंच चर्च येतं. याच रस्त्यावर कॅथलिकांचं सेंट मेरीज को-कॅथीड्रल आहे आणि तिथल्या संत अंतोनीच्या दर्शनाला मंगळवारी रीघ लागते. मेणबत्त्या आणि हार घेतलेली माणसं, त्यांत हिंदूही कमी नसतात. आर्मेनियन चर्च जवळच, पण मंगळवारच्या त्या गर्दीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

दारातून आत गेलं की रस्त्यावरचा गलका मागे पडतो. अंगणात चाफा. व्हरांड्यात, अंगणात, पायाखाली सगळीकडे सपाट दगडी थडगी, साधारण साडेतीनशे. लेख आर्मेनियन लिपीत. चर्च हे बेतलेहेमी कुमारी मेरीच्या नावाचं. आत वेदी, लाकडी बाकं आणि शांतता. घंटाघर चर्चला जोडलेलं नाही, सुटं उभं आहे, तीन मजली. लाकडी जिन्याने वर गेलं की सहा घंटा. त्यांच्याकडे शेवटी वळू.

माणसं कुठून आली

थोडं मागे जावं लागेल. १६०४-०५च्या सुमारास इराणच्या शहा अब्बासाने आरस नदीकाठच्या जुल्फा गावातल्या आर्मेनियन लोकांना उठवलं आणि इस्फहानजवळ नेऊन बसवलं. त्या वस्तीचं नाव नवं जुल्फा. विस्थापितांच्या या गावाने पुढे शंभर-दीडशे वर्षं रेशमाचा व्यापार अक्षरशः मुठीत ठेवला. अ‍ॅमस्टरडॅमपासून मनिलापर्यंत यांची माणसं, बहुतेक एकमेकांची नातलग आणि एकाच गावच्या हुंडीवर, एकाच भाषेतल्या पत्रांवर चालणारी. नावामागचं ‘खोजा’ म्हणजे फारसी ‘ख्वाजा’, प्रतिष्ठित व्यापाऱ्याला लावायची पदवी. आपल्याकडच्या खोजा जमातीशी त्याचा घोटाळा करू नये.

मद्रासमध्ये त्यांना भाव होता तो मनिलामुळे. मनिला स्पॅनिश राज्यात, आणि स्पॅनिश लोक इंग्रजांना तिथे उघडपणे व्यापार करू देत नसत. आर्मेनियन व्यापारी मात्र चालत. त्यामुळे माल इंग्रजांचा, नाव आर्मेनियन, असा धंदा वर्षानुवर्षं चालला. आज आपण याला बेनामी म्हणू. पुढे १७४०च्या दशकात नादिरशहाने नव्या जुल्फातल्या व्यापाऱ्यांना इतकं पिळलं, की ज्यांची पेढी हिंदुस्थानात होती त्यांनी बिऱ्हाडही इकडेच हलवलं. मद्रास त्यांच्यासाठी तोवर दुकान होतं, ते आता घर झालं.

चार बांधकामं, चार नशिबं

पहिलं चर्च १७१२चं. ते इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला, जुन्या ब्लॅक टाउनमध्ये म्हणजे देशी वस्तीत, आज जिथे हायकोर्टाचं आवार आहे त्या भागात होतं. जागा मोक्याची आणि तोच तिचा दोष. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतलं, १७४९ साली इंग्रजांना ते परत मिळालं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की किल्ल्याच्या तोंडाशी घरांची दाटी असली तर शत्रूला आडोसा आणि आपल्या तोफांना अडथळा. जुनं ब्लॅक टाउन टप्प्याटप्प्याने साफ करून मोकळं मैदान केलं गेलं. चर्चही त्यात गेलं. करारात जागा देण्याचं वचन होतं, परत न घेण्याचं नव्हतं.

दुसरी गोष्ट खोजा पेत्रुस उस्कान या माणसाची. मनिलाच्या व्यापारात गबर झालेला हा गृहस्थ मद्रासला स्थायिक झाला. मैलापूरच्या बाजूने सेंट थॉमस माउंटला जाणाऱ्या भाविकांना अड्यार नदी ओलांडताना हाल सोसावे लागत. उस्कानने १७२६ साली स्वतःच्या पैशाने तिथे पूल बांधला, मार्मलाँग पूल. तीस हजार पगोडा खर्च आला असं सांगतात. पगोडा म्हणजे आपला होन. वर डोंगरावर जायला पायऱ्या केल्या, साधारण एकशे साठ; हे तिसरं बांधकाम. या माणसाची खरी हुशारी पुढे आहे. पूल आणि पायऱ्या बांधून तो थांबला नाही, त्यांच्या देखभालीसाठी दीड हजार होन वेगळे काढून ठेवले. बांधकामाच्या वीसाव्या हिश्श्याएवढी रक्कम डागडुजीला. आपल्याकडे देणगीदाराची पाटी दारावर लागते आणि पुढच्या पावसाळ्यात छत गळायला लागतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या दीड हजार होनांची किंमत कळेल.

फ्रेंच आले तेव्हा उस्कानने त्यांना साथ द्यायला नकार दिला आणि मालमत्ता गमावली. इंग्रज परतल्यावर त्यांनी काय करावं? कॅथलिक आणि आर्मेनियन लोक फ्रेंचांना सामील असल्याचा वहीम धरून व्हाइट टाउनमधून, म्हणजे किल्ल्यातल्या गोऱ्या वस्तीतून, त्यांना बाहेर काढायचं ठरवलं. उस्कानला तेवढी सूट मिळाली. १७५१ साली तो वारला. देह वेपेरीला, आजच्या सेंट मथायस चर्चच्या आवारात. हृदय मात्र जुल्फाला नेऊन पुरावं, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं.

पूल दोनशे वर्षांहून अधिक टिकला. १९६०च्या दशकात त्याच्या जागी नवा पूल आला, त्याला तमिळ विद्वान मरैमलै अडिगळ यांचं नाव दिलं. उस्कानच्या पुलाची उरली ती सैदापेटच्या बाजूची लेखाची शिला. पायऱ्या मात्र आहेत. भाविक अजून त्यांवरून चढतात, मध्ये क्रूसाच्या वाटेची चौदा ठिकाणं करत. त्या कोणी बांधल्या हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि पायऱ्यांचं त्यावाचून काही अडतही नाही.

चौथं बांधकाम म्हणजे आजचं चर्च, १७७२चं. हे नव्या ब्लॅक टाउनमध्ये, म्हणजे जॉर्ज टाउनमध्ये आलं. जागा कंपनीकडून मागून घेतलेली नव्हती. आर्मेनियन दफनभूमी होती, तिच्यात आगा शामीर सुलतान या व्यापाऱ्याचं घरगुती चॅपेल होतं, ती जमीन त्याने दिली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक धागा इथे आहे. पहिलं चर्च सरकारच्या सोयीच्या जागेवर होतं आणि सरकारच्या सोयीसाठी पडलं. दुसरं मेलेल्या माणसांच्या मधोमध, एका घराण्याच्या खासगी जमिनीवर उभं राहिलं. जॉर्ज टाउनमधल्या जमिनीचा आज जो भाव आहे तो पाहता, थडग्यांनी व्यापलेली नसती तर ती जागा इतकी वर्षं मोकळी राहिली असती असं मला वाटत नाही. साडेतीनशे थडग्यांवर मजले चढवायला बिल्डरही कचरतो.

आगा शामीर आणि बातमीची वाट

शामीर सुलतान, म्हणजे शहामीर शहामीरियान, हा नुसता पैसेवाला नव्हता. त्याच्या घराण्याने १७७०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आर्मेनियन छापखाना काढला. छापलं काय? प्रार्थनेची पुस्तकं नव्हे, तर इराणी आणि तुर्की सत्तेखाली दबलेल्या आपल्या लोकांना जागं करणारं लिखाण, आणि पुढे तर स्वतंत्र आर्मेनियाचा कारभार कसा चालावा याचा कलमवार मसुदा. ज्या देशात आपण राहत नाही, जो देश नकाशावर नाही, त्याचा कायदा ब्लॅक टाउनच्या उकाड्यात बसून लिहिणं, याला जिद्द म्हणा की वेड म्हणा.

छापखाना सांभाळणारा त्याचा मुलगा हाकोब व्यापारासाठी मलाक्काला गेला आणि १७७४ साली एकोणतिसाव्या वर्षी तिथेच मेला. त्याचा थडग्याचा दगड मलाक्काच्या ख्राइस्ट चर्चमध्ये आहे. त्यावरच्या आर्मेनियन लेखाचा आशय असा : हे वाचणाऱ्या वाटसरू, माझ्या देशबांधवांच्या स्वातंत्र्याची काही बातमी असेल तर मला सांग, त्यांना सांभाळणारा कुणी निघाला का? मेलेला माणूस वाचकाकडे बातमी मागतो आहे. थडग्यावरचं असं मजकुराचं वळण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वीस वर्षांनी, १६ ऑक्टोबर १७९४ला, त्याच मद्रासमधून जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं. नाव ‘अझ्दारार’, वर्तमान कळवणारा. काढणारे फादर हारुत्युन श्मावोनियान, मूळचे शिराझचे, मद्रासच्या आर्मेनियन चर्चचे पुरोहित. शिराझमध्ये एका आठवड्यात दोन मुलगे गेले, आणि हा माणूस काही वर्षं फकिरांच्या सोबतीत फारसी शिकत राहिला. मग मद्रासला आला, टंक पाडले, छापखाना उभा केला. मासिक दीड वर्षाच्या आसपास चाललं आणि १७९६ साली बंद पडलं. त्यांचं थडगं चर्चच्या आवारातच आहे. आर्मेनियन पत्रकारितेचा इतिहास लिहायचा म्हटलं तर सुरुवात येरेवानपासून करता येत नाही, इस्तंबूलपासूनही नाही. आर्मेनियन स्ट्रीटपासून करावी लागते.

मराठी वाचकाला इथे ‘दर्पण’ आठवल्याशिवाय राहणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२चा, ‘अझ्दारार’नंतर सदतीस वर्षांनी. आपण त्या तारखेला पत्रकार दिन पाळतो. आर्मेनियन चर्चचा नाताळही ६ जानेवारीलाच असतो, २५ डिसेंबरला नाही. निव्वळ योगायोग, पण एकदा कळला की विसरत नाही.

माणसं गेली कशी

पळवून लावलं, दंगल झाली, असं काही घडलं नाही. मनिलाचा मार्ग इंग्रजांसाठी मोकळा झाल्यावर आर्मेनियन नावाची गरज संपली. कंपनीची सत्ता वाढली तशी मधल्या व्यापाऱ्याची जागा आक्रसली. वजन मद्रासहून कलकत्त्याकडे सरकलं, कलकत्त्याहून काही घराणी रंगून, पिनांग, सिंगापूरकडे गेली. स्वातंत्र्यानंतर बरेच जण ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला.

पैसा मात्र वेगळ्याच दिशांना गेला. मद्रासच्या मूरात आणि राफाएल या दोन आर्मेनियन घराण्यांच्या संपत्तीतून पुढे व्हेनिसमध्ये आर्मेनियन मुलांसाठी कॉलेज निघालं, ते मूरात-राफाएल याच नावाने ओळखलं गेलं. एग्मोरला आज जिथे सरकारी म्युझियम आहे, ती पॅन्थिऑनची वास्तू १८२१ ते १८३० एका मूरातच्याच मालकीची होती, त्याने ती सरकारला विकली. विकलं ते दुसऱ्याचं झालं, दान दिलं ते त्याच नावाने चाललं. चर्च दुसऱ्या प्रकारातलं.

चालवतं कोण

आता मूळ प्रश्न. चाळीसच्या खाली गेल्यावर काय?

हिंदुस्थानातल्या आर्मेनियन वास्तूंनी याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. सुरतेत डचांच्या टोलेजंग मकबऱ्यांच्या शेजारी आर्मेनियन कबरस्तान आहे, ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. म्हणजे स्मारक झालं, प्रार्थना संपली. मुंबईत फोर्टात आर्मेनियन लेन अजून आहे. मेडोज स्ट्रीटवर, आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, १७९६ साली स्थापन झालेलं सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च. विसाव्या शतकात ते नव्याने बांधलं गेलं आणि शेजारच्या इमारतीला अरारात हे आर्मेनियन लोकांच्या पवित्र पर्वताचं नाव मिळालं. तिथे केरळच्या सिरियन ख्रिस्ती मंडळींची उपासना होत आली आहे. दोन्ही चर्चं एकाच पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स कुळातली, त्यामुळे भावकीत घर वापरायला दिल्यासारखं. मला हे उत्तर आवडतं. काळा घोड्याला जाणारे शेकडो मुंबईकर त्या दारावरून रोज जातात, त्यांतल्या कितींनी मान वर करून पाटी वाचली असेल कोण जाणे.

कोलकात्याचं उत्तर सगळ्यात खर्चिक : माणसं बाहेरून आणा. तिथे १८२१ साली स्थापन झालेलं आर्मेनियन कॉलेज आजही चालतं आणि त्यात आर्मेनिया, इराण अशा देशांतून मुलं शिकायला येतात. त्यामुळे १७२४ सालच्या नाझरेथ चर्चमध्ये ६ जानेवारीला गाणारी पोरं असतात. यामागे घरं, जमिनी आणि देणग्यांचं पिढ्यांचं पाठबळ आहे. हाँगकाँगमध्ये नाव काढलेल्या सर पॉल चॅटरचा जन्म कोलकात्याचा, त्यानेही गावच्या चर्चला भरभरून दिलं.

चेन्नईचं चर्च या कोलकात्याच्या पाठबळावरच उभं आहे. देखभाल कोलकात्याची आर्मेनियन चर्च समिती पाहते. म्हणजे हजारहून अधिक किलोमीटर लांबच्या भाऊबंदांनी बंद घराची किल्ली सांभाळावी, रंग काढून द्यावा, तसं. कोकणातल्या कुलूपबंद घरांची मुंबईतून काळजी घेणाऱ्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की कोकणात गणपतीला तरी चूल पेटते.

यातली अडचणही तिथेच आहे. ही सगळी साखळी कोलकात्यातल्या एका समितीवर लटकलेली आहे, आणि कोलकात्यातलेही मूळ आर्मेनियन आता मोजकेच. मुंबईसारखं चेन्नईलाही दुसऱ्या कुणाची नियमित उपासना सुरू झाली, तर इमारत वापरात राहील; पण मग थडग्यांमधली ती शांतता राहणार नाही. कोलकात्याच्या विश्वस्तांना हा हिशेब कधी ना कधी मांडावा लागेल. त्यांच्या जागी मी असतो तर गर्दीच्या बाजूने कौल दिला असता.

घंटा

सहाही घंटा एका वेळी आलेल्या नाहीत. आकार एकवीस ते सव्वीस इंच, वजन प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपास. दोन १७७८च्या, शामीर घराण्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या स्मरणार्थ. एक १७९०ची. दोन १८३७च्या, लंडनच्या थॉमस मीअर्सच्या ओतशाळेतून समुद्रमार्गे आलेल्या, त्याचं नाव त्यांवर आहे. रविवारी सकाळी साडेनऊला त्या वाजवतात. पूर्वी तो उपासनेचा इशारा होता. आता राखणदार वर जातो, दोर ओढतो, खाली येतो.

सगळ्यात जुनी घंटा १७५४ची. म्हणजे आजचं चर्च बांधायच्या अठरा वर्षं आधीची. ती १८०८ साली पुन्हा ओतून घेतली, आणि त्या वेळी तिच्यावर तमिळ लेख आला. बाकी घंटांवरचं आर्मेनियन वाचायला कोलकात्याहून कुणी यावं लागतं. ही मात्र खाली हातगाडी लावून उभा असलेला कुठलाही हमाल वाचील.